लोणकढी थापा आणि पोरांची तपासयंत्रणा

काजळरेघ:
मोठी माणसं मुलांना ज्या बारीकसारीक थापा मारतात, त्यांच्यासाठी हा धागा. बागुलबुवाच्या खात्यातल्या, भीती घालणाऱ्या थापा शक्यतो नकोत (येणारच त्या, पण जरा उशिरा येऊ देत). मला रस आहे तो थापेचं पुढे काय होतं यात. मोठा माणूस थाप मारून आपल्या कामाला लागतो, पोरगं मात्र ती घेऊन बसतं, चघळतं आणि भलत्याच दिवशी भलत्याच लोकांसमोर बाहेर काढतं.

सुरुवात मीच करते. बहिणीने लेकीला सांगून ठेवलं होतं, "मला पाठीमागेही डोळे आहेत, तू काय करतेस ते सगळं दिसतं मला." कन्या चार वर्षांची. एका दुपारी आई आडवी झाल्यावर तिने कंगवा घेतला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला भांग पाडपाडून डोळे शोधले. सापडले नाहीत. आम्हाला वाटलं, फुटलं बिंग. छे! बाईसाहेबांचा निष्कर्ष असा: "आई झोपली की तेही मिटतात, म्हणून दिसत नाहीत." मग जागेपणी चाचणी. आईच्या मागे उभं राहून जीभ काढायची आणि वाट बघायची. आई काहीच बोलली नाही, तर त्याचंही उत्तर तयार: "दिसलं तिला, पण ती आज चांगल्या मूडमध्ये आहे."

नाकतोडा:
"चांगल्या मूडमध्ये आहे" ला फुटलो.

आमच्याकडे दोन थापा एकमेकींवर आदळल्या होत्या. आजीने नातवाला बजावलं होतं की फळाची बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल. तिकडे भावाने त्याच पोराला, मावशीचं पोट मोठं का दिसतंय याचं उत्तर म्हणून सांगितलं होतं की तिच्या पोटात एक छोटंसं बी आहे, त्याचं बाळ होणार. दोघांचं आपापसांत काही बोलणं झालं नव्हतं. मावशी घरी आली, घर माणसांनी भरलेलं. हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, बराच वेळ पोटाकडे बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाला, "मावशी, तू चावून का नाही खाल्लंस?"

झोपाळू:
अगागागा. वारले.

उंटावरचा शहाणा:
अवांतर, पण राहवत नाही. पोटात बी रुजत नाही, आम्लात तिचं काही चालत नाही. पण २०१० साली अमेरिकेत एका ज्येष्ठ गृहस्थांच्या फुप्फुसात चक्क वाटाणा रुजलेला सापडला. श्वासनलिकेत गेलेला दाणा ओलाव्याने फुटला आणि त्याला सेंटीमीटरभर कोंब आला. डॉक्टर गाठ समजून तपासत होते, निघालं रोप. तेव्हा आजी अगदीच चुकल्या नव्हत्या, फक्त पत्ता चुकला.

काजळरेघ:
शहाणे, हा प्रतिसाद आमच्या घरातल्या कुठल्याही बालकाच्या नजरेला पडणार नाही याची व्यवस्था करते आहे.

झोपाळू:
आमच्या घरी "टीव्ही झोपला" हे चलनी नाणं होतं. आठ वाजले की टीव्ही दमतो आणि झोपतो. मुलगा तीन वर्षांचा. त्याने ते इतकं मनावर घेतलं की आपली दुपटी आणून टीव्हीवर घालायचा. पाहुणे मोठ्याने बोलले तर त्यांना तोंडावर बोट ठेवून दम. आम्ही खूश. मग एका रात्री नवरोबा आवाज बंद करून मॅच बघत बसले आणि हा पाणी प्यायला उठला. दारात उभा राहून बापाकडे जे बघितलं त्याने! "त्याला का उठवलंस?" रडला हो टीव्हीसाठी. बापाला टीव्हीची माफी मागायला लावली. सॉरी म्हणून, पाठ थोपटून, टीव्ही परत झोपवला गेला. सामना हुकला तो हुकलाच.

टिकलीएवढी:
भाऊ सांगायचा, पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. एकदा भाची आमच्याबरोबर बसने निघाली. बस सुरू झाली आणि ही किंचाळली, "थांबवा! कोणीच पट्टा लावला नाहीये, गाडी चालूच कशी झाली?" ड्रायव्हरकाका भले, ते म्हणाले, "मी सगळ्यांचा मिळून एकच लावलाय." झालं समाधान. म्हणजे थापेवर थाप, आणि तीही परक्याकडून फुकट.

जुनं खोड:
मंडळी, थाप शब्दशः घेण्याचा विक्रम तुमच्या कोणाच्याही चिरंजीवांच्या नावावर नाही. तो अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड अंगर यांच्या नावावर आहे. लहानपणी आई आणि मावश्या-आत्या त्यांना सांगायच्या, "बोटं मोडू नकोस, सांधे दुखायला लागतील." सगळ्यांनाच सांगतात तसं. आपण मान हलवून मोडत राहतो. या पठ्ठ्याने प्रयोग लावला. डाव्या हाताची बोटं रोज निदान दोनदा मोडायची, उजव्या हाताची नाही. उजवा हात तुलनेसाठी राखीव! असं पन्नास वर्षं केलं. स्वतःच केलेल्या हिशोबाप्रमाणे डाव्या हाताची बोटं किमान ३६,५०० वेळा मोडून झाली. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना डाव्यात, ना उजव्यात. १९९८ साली त्यांनी हे संधिवाताच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पत्र म्हणून छापून आणलं आणि २००९ मध्ये त्याबद्दल इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीशीर पारितोषिक) मिळालं.

एका माणसाचे दोन हात म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण आईचं म्हणणं खोडून काढण्यासाठी अर्धं शतक खर्ची घालणाऱ्या मुलाला माझा दंडवत.

नाकतोडा:
आणि पत्र छापून आलं तेव्हा आई म्हणाली असेल, "बरं, पण अभ्यास कधी करणार?"

पाणीपुरवठा:
+१. जाता जाता, थाप नसूनही शब्दशः घेतलेलं चालेल का? मी ऑफिसमधून आलो आणि म्हणालो, "पोटात कावळे ओरडतायत." पोरीने लगेच पोटाला कान लावला. योगायोगाने तेव्हाच पोट गुरगुरलं. ती गंभीरपणे म्हणाली, "बाबा, कावळे नाहीत. बेडूक आहेत." आणि आत हात जाईल एवढं तोंड उघडायला सांगितलं.

खडूफळा:
माझं रोजचं काम लहान मुलांबरोबर आहे, म्हणून दोन पैसे माझेही. चंद्र आपल्यामागे येतो, ही सगळ्यात जुनी थाप असावी, आणि गंमत म्हणजे ती मारावी लागतच नाही. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांना नेमकं हेच विचारलं होतं आणि लहान मुलं ठाम होती की तो मागे येतो. कारण साधं आहे. झाडं, घरं, दिवे आपण चालू लागलो की मागे पडतात. चंद्र पडला सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, आपण दोन गल्ल्या चाललो तर त्याची दिशा केसभरही बदलत नाही. मागे न पडणारी एकच वस्तू, म्हणजे ती आपल्याबरोबर चालत असणार. तर्क चोख आहे.

माझ्या ओळखीच्या दोन भावंडांचं यावरून जुंपलं होतं. "तो माझ्यामागे येतो" "नाही, माझ्या." मग ठरवून दोघं गच्चीच्या दोन टोकांकडे चालत गेले. दोघांच्याही मागे चंद्र आला. मोठ्यांनी आता काय समजावायचं याची जुळवाजुळव चालवली होती, तेवढ्यात त्यांनी आपसांतच मिटवलं: चंद्र दोन आहेत, लांबून एक दिसतात.

स्पष्टवक्ती:
सगळे हसतायत म्हणून थोडा विरस करते, माफ करा. गंमत म्हणून मारलेली थाप आणि पोरगं ऐकत नाही म्हणून मारलेली थाप, या दोन्ही इथे एकाच पंगतीला बसल्या आहेत. टीव्ही झोपला ही गंमत नव्हे, ती सोय होती. सोय कोणाची, तर आपली. अमेरिका आणि चीनमधल्या पालकांना मुलांना वळण लावण्यासाठी खोटं बोलता का असं विचारणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ८४ टक्के आणि चीनमधल्या ९८ टक्के पालकांनी हो म्हटलं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी थाप कोणती माहितेय? "नाही आलास तर तुला इथेच सोडून जाईन." ही लोणकढी वगैरे नाही हो. तीन वर्षांच्या मुलाला ती धमकी म्हणून कळत नाही, बातमी म्हणून कळते.

मी सहा वर्षांची असताना आजी गेली. मला सांगितलं, "आजी गावाला गेली." मी कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवली, कारण आजी मला सोडून कधीच गावाला जात नसे. ती पिशवी कोणी उचलली नाही, कोणी काही बोललंही नाही. मी मात्र बरेच दिवस आजीवर रागावून होते. गेलेल्या माणसावर रागवायला लावणारी थाप कसली गोड?

काजळरेघ:
स्पष्टवक्ती, विरस अजिबात नाही. धाग्याच्या सुरुवातीला भीतीच्या थापा बाजूला ठेवल्या होत्या, पण या दुःखाच्या, त्यांचा विचारच केला नव्हता मी.

खडूफळा:
सहमत, आणि त्यात एक भर. "झोपले" असं सांगणं तर आणखी महागात पडतं. काही मुलं त्यानंतर स्वतः झोपायला घाबरतात, आईला झोपू देत नाहीत. म्हणून मुलांबरोबर काम करणारे लोक सांगतात की मरण पावले हा शब्दच वापरा. शरीर बंद पडलं, आता दुखत नाही, भूक लागत नाही, परत येणार नाहीत. ऐकताना आपल्याला कठोर वाटतं. मूल ते शब्दशः घेतं, आणि इथे शब्दशः घेतलेलंच बरं असतं.

नाकतोडा:
मान्य. पण म्हणून चंद्र मागे येतो म्हणायचीही चोरी? मग उद्या गोष्ट सांगताना ससा बोलतो म्हणू नका, प्राण्यांना स्वरयंत्र वेगळं असतं असं सांगा.

स्पष्टवक्ती:
नाकतोडा, गोष्ट सांगताना आवाज बदलतो, डोळे बदलतात, पोराला माहीत असतं की आता गोष्ट चालू आहे. "टीव्ही झोपला" आपण त्याच आवाजात सांगतो ज्या आवाजात "इस्त्री गरम आहे" सांगतो. फरक त्याने कसा ओळखायचा?

खडूफळा:
ओळखत नाही, असंच दिसतं. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ विक्रम जसवाल आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा खेळ केला. दोन पेले, एकाखाली स्टिकर. बाई सांगते, "इथे आहे," आणि दर वेळी चुकीचा पेला सांगते. आठ वेळा. खेळलेल्या सोळा मुलांपैकी नऊ जणांना एकदाही स्टिकर मिळालं नाही. सात वेळा फसूनही आठव्यांदा बाई सांगते तोच पेला उचलला. दुसऱ्या गटात बाई बोलत नव्हती, नुसता चुकीच्या पेल्यावर बाण ठेवत होती. ती मुलं मात्र पटकन शहाणी झाली. म्हणजे मुलं भोळी असतात असं सरसकट नाही, बाणाला ती भोळी नसतात. माणसाच्या तोंडच्या शब्दाला असतात. (शेवटी सगळ्यांना सगळी स्टिकरं दिली, काळजी नसावी.)

माझ्या मते यात वाईट काही नाही. आग भाजते, समुद्र खारट असतो, तुझा जन्म अमुक दिवशी झाला, यातलं मूल स्वतः काय तपासणार? ऐकलेलं खरं मानूनच ते एवढ्या वेगाने शिकतं. आपण त्याच खिडकीतून गमतीची चिठ्ठी आत टाकतो, एवढंच.

उंटावरचा शहाणा:
आणि पोरं मोठी होऊन वसूल करतात. २०१४ चा एक अभ्यास आहे, तीन ते सात वर्षांची १८६ मुलं. निम्म्या मुलांना "शेजारच्या खोलीत खूप खाऊ आहे" असं सांगून आणलं आणि मग कबूल केलं की खाऊबिऊ काही नाही, तू खेळायला यावास म्हणून सांगितलं. नंतर खेळ: पाठमोरं बसून नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायचं. शेवटचा आवाज मुद्दाम असा की ज्यावरून काही ओळखूच येणार नाही. बाई दीड मिनिट बाहेर, "मागे वळून बघू नकोस" सांगून. ज्या शाळकरी मुलांना थाप मारली नव्हती, त्यांतल्या साधारण ६० टक्क्यांनी बघितलं, आणि बघणाऱ्यांतले ६० टक्क्यांच्या आसपास नंतर नाही म्हणाले. ज्यांना थाप मारली होती, त्यांत बघणारे जवळपास ८० टक्के आणि त्यातून खोटं बोलणारे जवळपास ९०. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये असा फरक दिसला नाही.

थोडक्यात, पाच वर्षं होईपर्यंत हात धुऊन घ्या. (स्पष्टवक्ती, चप्पल खाली ठेवा, विनोद होता.)

स्पष्टवक्ती:
चप्पल हातातच आहे.

टिकलीएवढी:
खोटं पकडण्याची थाप कोणी सांगितलीच नाही! "खोटं बोललं की कपाळावर लिहून येतं, फक्त आईला वाचता येतं." आमच्याकडे याचा धडधडीत उपयोग झाला. चिरंजीव खोलीतून बाहेर आले ते कपाळावर तळहात दाबून. "मी काही तोडलं नाहीये." विचारायचीही गरज नाही, थेट आत जाऊन तुकडे गोळा करायचे. काही महिने हे यंत्र बिनचूक चाललं. मग धाकटीने दादाचं बघून दिवसभर टोपी घालायला सुरुवात केली. घरात, झोपतानासुद्धा. आता सदासर्वकाळ संशयित.

पाणीपुरवठा:
टोपी!!! ही मुलगी पुढे जाणार.

खडूफळा:
धाकटी हुशार आहेच, पण हा टप्पा सगळीच मुलं ओलांडतात. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे साधारण चारच्या आसपास उमगायला लागतं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याने कपाटात ठेवलेलं चॉकलेट तो बाहेर असताना आई दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? लहानगी सांगतात, नव्या कपाटात, कारण चॉकलेट तिथे आहे ना! त्याला ते माहीत नाही, हे त्यांच्या हिशोबातच नसतं. ज्याला हे उमगलं त्याला थाप पकडता येते, आणि लागलीच मारताही येते. कपाळ झाकणारा दादा अर्ध्या वाटेवर होता.

नवखी_आई:
धागा वाचून पहिल्यांदाच लिहितेय, मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. तातडीचा प्रश्न आहे. दिरांनी माझ्या मुलाला (वय चार) सांगितलं की बेंबी म्हणजे स्क्रू असतो आणि तो फिरवून काढला की दोन्ही पाय गळून पडतात. तेव्हापासून आंघोळ म्हणजे युद्ध. साबण लावताना हात लागला की घर डोक्यावर घेतो. दोन्ही हातांनी बेंबी धरून चालतो. "काका गंमत करत होते" सांगून झालं. त्याचं उत्तर: "काका इंजिनीअर आहे."

जुनं खोड:
इंजिनीअर आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. काकालाच बोलवा. त्याने मोठा चष्मा लावून बेंबी तपासावी आणि "वेल्डिंग करून टाकलंय, आता जन्मात निघत नाही" असं प्रमाणपत्र द्यावं.

नाकतोडा:
वेल्डिंग +१

स्पष्टवक्ती:
अहो, काट्याने काटा काढताय की दुसरा रुतवताय? उद्या वेल्डिंग तुटलं तर? सरळ खरं सांगा ना. तू पोटात होतास तेव्हा तुला खाऊ-पाणी एका नळीतून मिळायचं, ती इथे जोडलेली होती. तू बाहेर आल्यावर तिची गरज संपली, ती कापली, तुला दुखलं नाही. उरलेला तुकडा दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकून गळाला आणि हा खड्डा राहिला. तुमची बेंबी दाखवा, बाबांची दाखवा, काकांचीही दाखवायला लावा. आणि काकांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे की स्क्रू नसतो. ज्याने सांगितलं त्यानेच परत घ्यायचं, तुमचं ऐकणार नाही तो.

खडूफळा:
शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. आणि हसू नका त्याला, निदान त्याच्यासमोर तरी.

नवखी_आई:
स्पष्टवक्ती ताई, तुमचा उपाय केला. काका आले, शर्ट वर करून बेंबी दाखवली, फिरवून दाखवली, पाय जागेवर. मग नळीची गोष्ट मी सांगितली. सगळं नीट ऐकलं त्याने, आंघोळही झाली, बेंबीला साबणसुद्धा लावू दिला. पण आता नवीनच. "माझी नळी कुठे ठेवलीस? हरवलीस ना?" मी काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बँकेत आहे."

टिकलीएवढी:
काका काही सुधारायचे नाहीत.

उंटावरचा शहाणा:
या वेळी काकांना संशयाचा फायदा द्या. नाळेतलं रक्त खरंच बँकेत साठवून ठेवतात. त्यातल्या पेशी वापरून पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झालं, एका लहान मुलावर. नवखी_आई, तुम्ही ठेवलंय का?

नवखी_आई:
नाही हो, काही ठेवलेलं नाही. आणि तो सकाळपासून पासबुक मागतोय.